ती तार आलीच नव्हती

‘विचारा, सांगतो’ : कोडी आणि कोट्यांचा अंक

गेल्या महिन्यात या पानावर विचारलं होतं, की छपाई, तार, टेलिफोन, संगणक यांच्यावरची कोणती कोडी आणि कोट्या तुमच्या घरात चालतात? पत्रं भरपूर आली. बहुतेकांत कोडं एका ओळीचं आणि त्याची जन्मकथा पानभर. अमुक साली अमुक माणूस असं असं म्हणाला, आणि तेव्हापासून… माझी हयात प्रुफं तपासण्यात गेली आहे. ‘तेव्हापासून’ हा शब्द दिसला की लाल पेन्सिल आपोआप समासाकडे वळते. जन्मकथा जितकी गोळीबंद, तितकी ती मागाहून रचलेली असण्याची शक्यता जास्त, असा माझा अनुभव आहे. निवडक पत्रं घेतो.

नातू इंग्रजी शाळेत तिसरीला आहे. त्याने कोडं घातलं : ‘ब्लॅक अँड व्हाइट अँड रेड ऑल ओव्हर, सांग काय?’ मी पत्त्यांचा जोड म्हटलं, कुठलासा झेंडा म्हटलं. तो लोळून हसला. उत्तर म्हणे वर्तमानपत्र! हे आलं कुठून? आणि मराठीत असं काही आहे का, म्हणजे मला त्याच्यावर उलटवता येईल?
(एक आजी, सातारा)

आजी, तुम्ही हरलात त्यात लाज वाटून घेऊ नका, हे कोडं माणसाला हरवायलाच केलेलं आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या पोरांच्या तोंडून जी कोडी गोळा झाली, त्यांत हे अगदी वरच्या रांगेतलं. मॅक बॅरिक या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने १९७४ मध्ये अख्खा लेख या एका कोड्यावर लिहिला. गंमत सगळी कानाची आहे. इंग्रजीत ‘लाल’ आणि ‘वाचलेलं’ या दोन शब्दांचा उच्चार एकच, ‘रेड’. स्पेलिंग मात्र वेगळं. काळा आणि पांढरा हे रंग आधी सांगितल्यामुळे ऐकणारा तिसराही रंगच समजतो आणि तिथेच फसतो.

आता यातली खोच पाहा. वर्तमानपत्रावरचं हे कोडं इंग्रजी वर्तमानपत्रात छापताच येत नाही. लाल या अर्थाचं स्पेलिंग छापलं तर वाचणाऱ्याची फसवणूक, वाचलेलं या अर्थाचं छापलं तर उत्तर आधीच फुटलं. देवनागरीत मात्र दोन्ही ‘रेड’! इंग्रजी टायपात मेलेली कोटी आपल्या लिपीत ठणठणीत जगते. तुमच्या पत्रात ती मला शाईच्या पेनाने लिहिलेली मिळाली आणि तरी ती फुटली नव्हती.

उत्तर सगळ्यांना पाठ झाल्यावर पोरांनी पुढची चाल केली. कुणी ‘वर्तमानपत्र’ म्हणालं की ‘चूक! लाजलेला झेब्रा!’ किंवा ‘उन्हाने भाजलेला पेंग्विन!’ म्हणजे आधी न येणाऱ्याला फसवायचं आणि पुढे येणाऱ्याला. नातवाकडे ही आवृत्ती अजून पोचली नसेल तर आधी तुम्हीच वापरा.

मराठीत याचं भाषांतर करायला जाऊ नका, हाती नुसता रंगांचा डबा राहील. त्यापेक्षा आपल्या शाळांत संस्कृतच्या तासाला हमखास येणारं हे घाला :

अपदो दूरगामी च साक्षरो न च पण्डितः ।
अमुखः स्फुटवक्ता च यो जानाति स पण्डितः ॥

पाय नाहीत पण लांब जातो, साक्षर आहे पण पंडित नाही, तोंड नाही पण स्पष्ट बोलतो. कोण? पत्र. सगळी मजा ‘साक्षर’मध्ये आहे. अक्षरं येणारा तो साक्षर, आणि अंगावर अक्षरं असलेला तोही साक्षर. याचीच बहीण शोभेल असं दुसरं : तोंड काळं पण मांजरी नव्हे, जिभा दोन पण नागीण नव्हे, नवरे पाच पण द्रौपदी नव्हे. ती लेखणी. बोरूच्या टोकाला मधोमध चीर देतात त्या दोन जिभा, आणि धरणारी पाच बोटं ते पाच नवरे. नातवाला बोरू माहीत नसेल तर शाईच्या पेनाची निब दाखवा, चीर तिलाही असते.

इतिहास शिकवताना मी वर्गात नेहमी सांगत आलो, की सिंध जिंकल्यावर इंग्रज सेनापती नेपियरने एका शब्दाची तार केली : ‘पेक्कावी’. परवा एका माजी विद्यार्थ्याने ‘सर, पुरावा?’ म्हणून विचारलं. पुरावा द्यावा.
(एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, पुरावा आहे, पण तो विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी आधी कोटी सांगतो. ‘पेक्कावी’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘मी पाप केलं’. इंग्रजीत ‘आय हॅव सिन्ड’. आणि ‘आय हॅव सिंध’ म्हणजे सिंध माझ्या ताब्यात आहे. एका शब्दात विजयाची बातमी आणि पापाची कबुली. तारेला शब्दावर पैसे पडत, त्यामुळे एका शब्दाची तार ऐकणाऱ्याला पटकन पटते. पटते म्हणून टिकली.

आता तारखा मांडू. सिंधमधली मियानीची लढाई १७ फेब्रुवारी १८४३ ची, दुसरी मोठी लढाई मार्चमधली. त्या वेळी हिंदुस्थानात तारायंत्र होतंच कुठे? विल्यम ओशॉनेसीने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ प्रयोग केले होते खरे, पण कामाची पहिली तार कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पडली ती १८५०-५१ मध्ये. मुंबईपर्यंत ती १८५४ मध्ये आली. मुंबईहून समुद्राखालून विलायतेशी बोलायची सोय तर १८७० ची. शिवाय नेपियरने कळवायचं होतं ते गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरोला, आणि तो हिंदुस्थानातच होता. निरोप सांडणीस्वाराने किंवा डाकेने जाणार. तिथे शब्द वाचवून कुणाचे पैसे वाचणार होते?

मग हा शब्द आला कुठून? लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातून. १८ मे १८४४ च्या अंकात एक छोटासा मजकूर आला. सीझरचा ‘आलो, पाहिलं, जिंकलं’ हा तीन शब्दांचा खलिता आजवर सगळ्यात आटोपशीर मानला जाई, पण नेपियरचा एका शब्दाचा खलिता आटोपशीरपणात आणि सत्यातही त्याच्या कितीतरी पुढे आहे, असा त्याचा आशय. मेख ‘सत्यातही’ या शब्दात आहे, सर. सिंधच्या अमिरांवर केलेली ती चढाई अन्यायाची होती, असं विलायतेतही पुष्कळांचं मत होतं. खुद्द नेपियरने आधीच डायरीत लिहून ठेवलं होतं, की सिंध घेण्याचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण तो घेणारच, आणि ती मोठी फायद्याची, उपयोगाची, माणुसकीची हरामखोरी ठरेल. इतका उघड लिहिणारा माणूस. म्हणून तर कबुली त्याच्या तोंडी शोभली.

मजकुरावर नाव नव्हतं. तो पाठवणारी होती कॅथरिन विंकवर्थ, वय वर्षं १६. आपल्या शिक्षकांशी बोलताना ती म्हणाली, की नेपियरने खरं तर ‘पेक्कावी’ एवढंच लिहायला हवं होतं, आणि मग तिने ते ‘पंच’ला धाडलं. पुढे जर्मन भक्तिगीतांच्या इंग्रजी अनुवादांसाठी ती नावाजली. म्हणजे ज्या वाक्याने सेनापती इतिहासाच्या वर्गात हुशार ठरला, ते त्याचं नव्हतंच. शाळकरी वयाच्या मुलीचं होतं.

आणखी एक तारीख तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, त्याला आवडेल. सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला ती सुप्रसिद्ध पहिली तार केली २४ मे १८४४ ला. ‘पंच’मधला विनोद छापून सहा दिवस झाले होते. कोटी आधी झाली, तारेचा बोलबाला नंतर. मुळात ‘पंच’मध्ये शब्द ‘खलिता’ असाच आहे. पुढे घरोघर तारा येऊ लागल्यावर सांगणाऱ्यांनी खलित्याची तार केली, इतकंच. १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर ‘पंच’ने तीच युक्ती लॉर्ड डलहौसीच्या नावावर खपवली. ‘व्होवी’, म्हणजे ‘मी नवस बोललो’, इंग्रजीत ‘आय व्हाउड’, आणि अवधला साहेब म्हणे ‘औड’, म्हणून ‘आय’व्ह औड’, अवध माझ्या ताब्यात आहे. ही दुसरी कोटी आज कुणाला आठवत नाही. ओढून आणलेली आहे, दुसरं काय.

तुम्ही वर्गात सांगत राहा, सर. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हा ही आपल्याही इतिहासातली गोष्ट आहे. फक्त तार काढा आणि ‘पंच’ घाला. आपल्याकडे तारवाला दारात दिसला की बायका आधी डोळ्यांना पदर लावत आणि मग पाकीट फोडत, ते मी पाहिलेलं आहे. तारेतून विनोद येतो यावर आमच्या वाड्यात कुणी विश्वासच ठेवला नसता.

छपाईतल्या चुकीला ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ का म्हणतात? राक्षसाचा काय संबंध?
(एक वाचक, सांगली)

विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक. त्यातली मुद्रा म्हणजे शिक्क्याची अंगठी, आणि राक्षस हे नंदांच्या अमात्याचं नाव. चाणक्य त्या अंगठीच्या जोरावर या अमात्याला खिंडीत गाठतो. नाटकात ना छापखाना, ना शिंगंवाला राक्षस. पण ‘मुद्रण’ रुळल्यावर मराठी संपादकाला हे नाव आयतंच सापडलं : मुद्रणातला राक्षस तो मुद्राराक्षस. चूक आपली, शिव्या त्याला. युरोपातल्या मठांतही नकलनवीस भिक्षूंच्या चुका टिटिव्हिलस नावाच्या सैतानाच्या खात्यावर मांडत. हा मुळात चर्चमध्ये प्रार्थनेतली खाल्लेली अक्षरं पिशवीत गोळा करणारा सैतान, तेराव्या शतकापासून त्याचं नाव सापडतं. लेखनिकांची जबाबदारी त्याच्यावर मागाहून पडली. तरी मला आपला जास्त आवडतो, त्याच्यामागे नाटक आहे.

सुट्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात तो राहायचा कुठे, तेही सांगून ठेवतो. काम झालेला मजकूर सोडून खिळे परत आपापल्या घरात टाकताना घ चा खिळा ध च्या घरात पडायचा. पुढच्या वेळी जुळाऱ्याने, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याने, न बघता, बोटांच्या सवयीने उचलला, की ‘धन’चं ‘घन’ झालंच. मूळ कागदावर लेखकाचं अक्षर स्वच्छ, जुळारी तरबेज, आणि चूक मात्र आठवड्यापूर्वीच्या तिसऱ्याच कुणाची. माणूस सापडत नाही तिथे राक्षस कामी येतो.

वरच्या श्लोकातला ‘साक्षर’ इथे पुन्हा उपयोगी आहे. ‘साक्षरा’ उलटं वाचा : ‘राक्षसा’. साक्षर माणसं उलटली की निव्वळ राक्षस, पण ‘सरस’ उलटा केला तरी सरसच राहतो, असं सुभाषित आहे. छापखान्यात उलट्या अक्षरांकडे बघत आयुष्य काढलेल्यांनी ते भिंतीवर लावावं.

काका, मी हिंजवडीत टेस्टिंग करतो. प्रशिक्षणात स्लाइड दाखवली : १९४५ मध्ये ग्रेस हॉपर बाईंना संगणकात पतंग (उडणारा किडा) सापडला आणि तेव्हापासून ‘बग’ हा शब्द आला. हे तरी खरं ना?
(एक वाचक, पुणे)

पतंग खरा आहे. नोंदवहीच्या पानाला चिकटपट्टीने डकवलेला, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपलेला. बाकी तुझ्या स्लाइडवर मी तीन ठिकाणी पेन्सिल चालवली असती.

पहिलं, साल. पानाच्या माथ्यावर ९/९ एवढंच आहे, साल नाही. पण यंत्र हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क टू हा संगणक, आणि त्याच्या चाचण्या १९४७ च्या. १९४५ मध्ये ते तयारच नव्हतं. दुसरं, माणूस. पतंग काढला तो यंत्र चालवणाऱ्यांनी. हॉपर बाई त्या चमूतल्या, आणि पुढे व्याख्यानांतून ही गोष्ट रंगवून सांगून त्यांनी ती जगभर नेली. सांगणाऱ्याच्याच नावावर गोष्ट चढते, हे आपण नेपियरच्या बाबतीत उलट्या अंगाने पाहिलंच.

तिसरं खरं महत्त्वाचं. त्या पानाचं छायाचित्र मिळव आणि प्रूफ वाचावं तसं वाच. सकाळपासूनच्या नोंदी आहेत : यंत्र सुरू, यंत्र बंद, कोसाइनची टेप लावली, १५२५ ला, म्हणजे दुपारी ३.२५ ला, बेरजेच्या भागाची चाचणी. मग १५४५ : पॅनेल एफ, ७० नंबरचा रिले (विजेवर उघडझाप होणारी कळ), त्यात पतंग. खाली ओळ : ‘फर्स्ट अ‍ॅक्चुअल केस ऑफ बग बीइंग फाउंड.’ यातला ‘अ‍ॅक्चुअल’ शब्द दाबून धर. ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची पहिली घटना.’ बग या शब्दाचा यांत्रिक दोष हा अर्थ आधीपासून रुळलेला नसता, तर ‘प्रत्यक्ष’ लिहायचं कारणच नव्हतं. रोज म्हणायचे ‘यंत्रात किडा आहे’, आणि त्या दिवशी खरोखरच किडा निघाला. लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे कोटी केली. शब्दाचा जन्मदाखला म्हणून आपण जे पान दाखवतो, तो त्या शब्दावरचा विनोद आहे.

पतंग सापडला तेव्हाच शब्द जवळजवळ ७० वर्षं जुना होता. थॉमस एडिसनच्या १८७८ च्या पत्रांत तो दोनदा तरी भेटतो. मार्चमध्ये त्याने वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं, की माझ्या उपकरणात मला ‘बग’ सापडला, पण तो खुद्द टेलिफोनात नव्हता. आणि पुढे त्या किड्याची शास्त्रीय जातही सांगितली : ‘कॉलबेलम’. टेलिफोनच्या घंटीतला म्हणून! नोव्हेंबरच्या दुसऱ्या पत्रात तो म्हणतो की बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हणतात. म्हणतात, म्हणजे त्याच्याही आधी कुणीतरी म्हणत होतंच.

आणि अक्षरांत शिरलेला किडा तर संगणकाहून हजार वर्षांनी थोरला. इंग्लंडातल्या एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये दहाव्या शतकातली एक हस्तलिखित पोथी आहे, तिच्यात जुन्या इंग्रजीतली कोडी आहेत. एक असं : पतंगाने शब्द खाल्ले. चोरपाहुणा अंधारात कुणा थोराची वाणी गिळून गेला, पण शब्द गिळून काडीचा शहाणा झाला नाही. उत्तर : पुस्तकं खाणारी अळी, आपली कसर. त्याच्याही आधीचं एक लॅटिन कोडं आहे, त्यात कसर स्वतःच बोलते : अक्षरांवर पोसले पण अक्षर म्हणजे काय ते कळलं नाही, पुस्तकांत राहिले पण विद्या आली नाही. साताऱ्याच्या आजींना दिलेला श्लोक शेजारी ठेवून बघ, ‘साक्षरो न च पण्डितः’. कुणी कुणाचं उचललेलं नाही. अक्षर बाळगणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे ज्याने ज्याने कागद हाताळला त्याला सुचलेलं आहे. आजचे ते चॅटबॉट आल्यावर हे कोडं नव्या कपड्यांत फिरू लागेल, बघच. उत्तर तेवढं बदललेलं असेल.

अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस मिळून होणारा हसरा चेहरा कुणी काढला? एका कोड्यामुळे तो जन्मला असं ऐकलं.
(एक वाचक, डोंबिवली)

ही मात्र अशी जन्मकथा आहे, की तिच्यावर पेन्सिल चालत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ च्या सप्टेंबरात संगणकावरच्या सूचनाफलकावर कुणीतरी पदार्थविज्ञानाचं कोडं टाकलं : लिफ्टमध्ये भिंतीला पेटती मेणबत्ती, जमिनीवर पाऱ्याचा थेंब, दोर तुटला. मेणबत्तीचं काय होईल, पाऱ्याचं काय होईल? चर्चा रंगली. त्यात एकाने गंभीर चेहऱ्याने सूचना लावली, की नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, थोडी आगीची झळही लागली आहे. काहींना ते खरंच वाटलं. मग विनोदाला खूण असावी अशी टूम निघाली, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन यांनी ही तीन चिन्हं सुचवली, मान वाकडी करून बघा असं सांगत. मूळ संदेश हरवला होता, २००२ मध्ये जुन्या टेपांतून तो परत काढला. म्हणून साल, दिवस, माणूस सगळं पक्कं आहे.

मला विचाराल तर खूण लागलेला विनोद म्हणजे ‘हसा’ अशी पाटी. पण पारा सांडल्याचं वाचून जिने चढलेल्यांना ते पटणार नाही.

मूळ कोड्याचं उत्तर कुणी विचारत नाही, म्हणून देतो. पडणाऱ्या लिफ्टमध्ये वजन भासत नाही. गरम हवा वर जायचं कारण उरत नाही, ज्योतीचं टोक जातं, ती मंद आणि गोल होते आणि ताजी हवा न मिळाल्याने विझूही शकते. चपटा पसरलेला पाऱ्याचा थेंबही गोल होतो.

मुलगी न्यू जर्सीत प्रोग्रामर आहे. ती म्हणते, आमच्यात हॅलोवीन आणि ख्रिसमस एकाच दिवशी येतात. जावई हसतो, मी नुसतीच बघते. सांगा ना.
(एक आई, कोल्हापूर)

ताई, हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, ख्रिसमस २५ डिसेंबरला. इंग्रजीत त्यांची आखूड रूपं ‘ऑक्ट ३१’ आणि ‘डिस २५’. संगणकवाल्यांत ‘ऑक्ट’ म्हणजे आठाच्या पटीत मोजलेली संख्या आणि ‘डिस’ म्हणजे आपली नेहमीची दशमान. आठाच्या पद्धतीत ३१ लिहिलं की त्याचा अर्थ तीन आठे चोवीस आणि वर एक. झाले पंचवीस. जावयाला पुढच्या फोनवर विचारा, की मग संगणकवाल्यांत ‘डिस ३१’ला ‘ऑक्ट’मध्ये काय म्हणतात. उत्तर ३७. त्याला वहीत मांडायला लागेल.